हालचाल रजिस्टरातली नोंद

(ठाकुरवाडीच्या समाजमंदिरात झालेल्या स्मृतिव्याख्यानाचं शब्दांकन)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचं नाव माझ्या मागच्या फलकावर आहे. भाषणात ते पुन्हा पुन्हा घ्यायचं नाही असं मी ठरवलंय. हयातीत कुणी सभेत त्यांचं कौतुक सुरू केलं की ते चपला शोधायला लागायचे, आणि तो स्वभाव मला माहीत आहे. संयोजकांनी विषय दिला, ‘शाळाप्रमुखांच्या परिषदा : गरज आणि उपयोग’. मघाशी इथं येताना एका मावशींनी विचारलं, कशावर बोलणार म्हणून. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे शाळा सोडून जातात त्या मिटिंगांवर का?”

हो मावशी, त्याच मिटिंगांवर. आणि तुमच्या प्रश्नातला टोमणा मला टाळायचा नाही. आजच्या विषयाची ती खरी बाजू आहे.

प्रत्येक शाळेत हालचाल रजिस्टर असतं. शिक्षक कामासाठी शाळेबाहेर पडले की त्यात तारीख, वेळ, कुठं चाललो, कशासाठी, आणि सही. मी केंद्रप्रमुख असताना शाळाभेटीला गेले की मुलांच्या हजेरीआधी हे रजिस्टर उघडायची. ‘पंचायत समिती, माहिती सादर करणे.’ ‘बँक, पोषण आहार खाते.’ ‘तहसील, बीएलओ बैठक.’ ‘आधार दुरुस्ती.’ आणि महिन्यातून एकदा, ‘शिक्षण परिषदेस रवाना.’ रजिस्टरात जाण्याच्या कारणाला रकाना आहे. येताना काय आणलं त्याला नाही. मला आज त्या नसलेल्या रकान्याबद्दल बोलायचं आहे.

आधी शाळाप्रमुख म्हणजे कोण ते बघू, कारण हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर काचेची केबिन, घंटी आणि बाहेर बसलेला शिपाई येतो. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी एक नाही. माथेरानच्या पायथ्याला आहेत, सोंडाईच्या वाटेवर आहे, आणि भोर घाटात तर रेल्वेच्या एका केबिनलाही हेच नाव आहे. तिथं प्रवासी चढत-उतरत नाहीत, घाट उतरणाऱ्या गाड्या तेवढ्या तांत्रिक थांबा घेतात. त्यामुळे ‘रा.जि.प. शाळा ठाकुरवाडी’ एवढाच पत्ता असलेलं पाकीट कुठल्याही वाडीला पोचू शकतं, आणि पोचतं. एकदा एका ठाकुरवाडीचे गणवेश दुसऱ्या ठाकुरवाडीत वाटले गेले होते. मापं बरोबर बसली, म्हणून कुणी तक्रार केली नाही.

या शाळा बऱ्याचशा सारख्या. दोन खोल्या, पहिली ते चौथी किंवा पाचवी, पट वीस-पंचवीस, शिक्षक दोन. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट दीडशेच्या वर गेला तर. वाडीत दीडशे मुलं कुठून यायची? मग दोघांत जे सेवाज्येष्ठ त्यांच्याकडे मुख्याध्यापकपदाचा प्रभार येतो. ते दोन-तीन इयत्ता एका खोलीत शिकवतात, तांदळाचं पोतं मोजून घेतात, व्यवस्थापन समितीची सभा लावतात, यू-डायसवर शाळेची माहिती भरतात, गळकं छप्पर बघायला स्वतः वर चढतात. चिमटीत खडू धरूनच शाळा चालवायची.

अशा माणसाची अडचण कामाच्या ओझ्याची आहे असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. पण मला त्याहून मोठी अडचण दिसली ती एकटेपणाची. शहरातल्या शाळेत मुख्याध्यापकाला पर्यवेक्षक असतो, लिपिक असतो, शेजारच्या शाळेतला स्नेही चहाच्या टपरीवर भेटतो. वाडीवरच्या प्रभारी मुख्याध्यापकानं एखादा निर्णय घेतला तर तो बरोबर की चूक हे सांगणारं पाच-सात किलोमीटरांत कुणी नसतं. वर विचारलं की उत्तर येतं, ‘नियमानुसार करा.’ नियमात मुलगी भाताच्या आवणीला गेली तर काय करायचं ते लिहिलेलं नसतं.

हे एकटेपण दिल्लीतल्या एका आयोगानं फार पूर्वी ओळखलं होतं, आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपले होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जयंत पांडुरंग नाईक. गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभं करणारे जे. पी. नाईक ते हेच. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचं काम चाललं, आणि त्या अहवालात शाळा-संकुलाची कल्पना मांडली गेली. एक माध्यमिक शाळा, तिच्याभोवतीच्या प्राथमिक शाळा, या सगळ्यांनी एकत्र बसावं, साहित्य वाटून घ्यावं, एकमेकांचे वर्ग बघावेत, आणि वरिष्ठांनी काही अधिकार या गटाकडे सोडावेत. हेतू स्पष्ट होता : सुटी सुटी पडलेली शाळा माणसांत आणायची. गारगोटीच्या परिसरात खेड्यांतल्या शाळा जवळून बघितलेल्या माणसाचा हात या कल्पनेत दिसतो, असं मला वाटतं.

महाराष्ट्रात याला प्रत्यक्ष रूप आलं ते १९९४ मध्ये. केंद्रशाळा ठरल्या, केंद्रप्रमुख हे पद निर्माण झालं, राज्यभर ४८६० केंद्रं आखली गेली. दहाएक शाळांचं एक केंद्र. आणि महिन्यातून एकदा त्या केंद्रातल्या सगळ्या शाळांनी एकत्र यायचं, ती शिक्षण परिषद. परदेशात मुख्याध्यापक विमानानं जातात, हॉटेलात उतरतात, गळ्यात ओळखपत्र घालून तीन दिवस व्याख्यानं ऐकतात. आपल्याकडे त्याच कामाची व्यवस्था डोंगराच्या पायथ्याशी, दरमहा, चटईवर करून ठेवलेली आहे. ही गोष्ट आपल्याला पुरेशी मोठी वाटत नाही, कारण ती फुकट आणि जवळ आहे.

आता या परिषदेत होतं काय ते इथं आलेल्या मुख्याध्यापकांना मी सांगायला नको, पण मावशींसाठी सांगते. यजमान शाळेत सकाळी रांगोळी काढलेली असते. मुली स्वागतगीत म्हणतात. प्रतिमापूजन होतं. प्रत्येक पाहुण्याला गुलाबपुष्प दिलं जातं, आणि पाहुण्यांत आपणच सगळे असल्यामुळे ते फूल गेल्या महिन्यात ज्यांनी दिलं त्यांनाच आता मिळतं. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जातं. मग सूचना. पायाभूत चाचणीचे गुण भरा, आधार जुळवा, अपार आयडी काढा, शिष्यवृत्तीचे अर्ज राहिलेत, झाडाचे फोटो अपलोड करा, कुणाचे किती बाकी ते वाचून दाखवलं जातं. हे संपेपर्यंत जेवणाची वेळ होते. नमुना पाठ असतो तो मग घाईत उरकतो. एखादी तरुण शिक्षिका चार रात्री जागून साहित्य बनवून आणते आणि तिच्या पाठावर चर्चा म्हणून तीन जण म्हणतात, “छान झाला पाठ.” टाळ्या. वर्गणी काढून केलेलं जेवण मात्र झकास असतं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, ठेचा.

माझं म्हणणं असं की सूचनांना परिषद लागतच नाही. त्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्याच असतात, गुगल फॉर्मच्या दुव्यासकट, ‘तात्काळ’ हा शब्द लिहून. ज्या गोष्टीसाठी माणसांनी समोरासमोर बसायची गरज नाही तिनं समोरासमोर बसायचा वेळ खाल्ला. मुख्याध्यापक परिषदेला कंटाळतात म्हणून त्यांना नावं ठेवली जातात. त्यांना शिकण्याचा कंटाळा नाही. माहिती देण्याचा आहे.

एक परिषद मला आठवते, कारण त्या दिवशी सूचना देणारं कुणी पोचलंच नाही. जुलै महिना, रस्त्यावर पाणी, पंचायत समितीची गाडी अलीकडेच अडकलेली. माझ्याकडे फक्त हजेरीचा कागद. मी म्हटलं, आता आलोच आहोत तर कुणाला काही बोलायचं असेल तर बोला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका वाडीच्या बाईंनी सांगायला सुरुवात केली. आवणीच्या दिवसांत त्यांच्या तिसरी-चौथीच्या मुली शाळेत यायच्या थांबायच्या. आई-बाप खाचरात, म्हणून मुलगी घरी, तान्ह्या भावंडाला कडेवर घेऊन. बाईंनी घरोघरी जाऊन समजावून पाहिलं, उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी सांगितलं, बाळ घेऊन या. शाळेच्या पडवीत वाशाला जुन्या साडीचे दोन झोके बांधले.

पहिला प्रश्न आला एका जुन्या गुरुजींकडून. “आणि बाळ रडलं तर?”

“रडतं ना. मग गणित थांबतं.”

दुसऱ्या सरांनी विचारलं, “पोषण आहारात त्या बाळाचं काय दाखवता?”

“काहीच दाखवत नाही. मुलगी आपल्या ताटातलं भरवते. मी तिला थोडं जास्त वाढते.”

तिसरा प्रश्न आला तो खरा अवघड होता. “पडवीत साप निघाला, बाळाला काही झालं, तर जबाबदारी कुणाची?” बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “माझी.” यावर कुणी ‘छान’ म्हटलं नाही. अंगणवाडीचं काय, सेविकेला दोन महिने रोज लवकर बोलावता येईल का, व्यवस्थापन समितीचा ठराव करून ठेवावा का, असं बोलणं सुरू झालं. तेवढ्यात कातकरवाडीवरचे एक सर म्हणाले, “तुमचा झोका माझ्या कामाचा नाही. माझी मुलं आवणीत येतात. माझी शाळा दिवाळीनंतर रिकामी होते.” कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, सगळी, भांड्याकुंड्यांसकट. शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवा असा नियम आहे, कार्ड देतात, पण कार्ड वाटेत कुठं जातं ते कळत नाही. यावर एक बाई, ज्या पूर्वी पनवेलकडे भट्ट्यांच्या पट्ट्यात नोकरी करून आल्या होत्या, म्हणाल्या, “कार्ड कुणी दाखवतच नाही. बापाच्या मोबाइलमध्ये तिथल्या मुख्याध्यापकाचा नंबर टाकून द्या, आणि तिथल्या मुख्याध्यापकाला तुम्ही स्वतः फोन करा.” आणि त्यांनी तिथल्या तिथं तीन शाळांचे नंबर सांगितले. चार-पाच जणांनी हातावर, वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतले.

इतिवृत्ताच्या छापील नमुन्यात या विषयाला जेवढी जागा होती तेवढ्यात मी लिहिलं, ‘उपस्थितीबाबत चर्चा झाली.’

मला त्या सभेत जे दिसलं ते सांगते. बाईंचा झोका ऐकून इतरांनी आपापल्या पडवीत झोके बांधले असं झालं नाही, आणि व्हायला नकोच होतं. त्यांचं म्हणणं तासलं गेलं. ज्यांच्या शाळा तशाच आहेत अशा माणसांनी प्रश्न विचारले, आणि त्या प्रश्नांतून बाईंना आपल्या उपायाची कच्ची बाजू कळली. कातकरवाडीच्या सरांना कळलं की त्यांचा प्रश्न वेगळा आहे. आणि एक गोष्ट हातात आली, एक फोन नंबर, जो कुठल्याही परिपत्रकात नव्हता.

हे मोठ्या परिषदेत होऊ शकतं का? होऊ शकतं, झालेलं आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात, २२ आणि २३ तारखेला, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. निमित्त मारवाडी शिक्षण मंडळाच्या शाळेच्या रौप्यमहोत्सवाचं, अध्यक्ष गांधीजी. काँग्रेसची मंत्रिमंडळं असलेल्या प्रांतांचे शिक्षणमंत्री होते, विनोबा होते, काका कालेलकर होते. हस्तोद्योगातून शिक्षण, आणि त्या उत्पन्नातून शाळेचा खर्च निघावा, ही गांधीजींची मांडणी. जामिया मिलियाचे झाकिर हुसेन उठले आणि गांधीजींसमोर म्हणाले की यात शिक्षणातल्या लोकांना नवीन वाटावं असं फारसं नाही, आणि शाळेनं स्वतःचा खर्च काढायचा या आग्रहात धोका आहे. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहांनीही स्वावलंबनाच्या मुद्द्यावर टीका केली. मग काय झालं? ज्यांनी शंका काढली त्या झाकिर हुसेनांनाच योजनेचा आराखडा करणाऱ्या समितीचं अध्यक्ष केलं. चार ठराव झाले. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून शिक्षण, उत्पादक हस्तोद्योग केंद्रस्थानी, आणि शिक्षकांचा पगार त्यातून हळूहळू निघावा अशी अपेक्षा. समितीनं सहा आठवड्यांच्या आत, २ डिसेंबरला अहवाल दिला.

ही योजना, म्हणजे नई तालीम, पुढं टिकली नाही, तो वेगळा विषय, आणि तिच्या अपयशावर बोलायला आणखी एक व्याख्यान लागेल. मला इथं एवढंच बघायचं आहे की दोन दिवसांच्या त्या सभेत व्यासपीठावरच्या माणसाशी मतभेद करता आला, मतभेद करणाऱ्यालाच काम दिलं गेलं, आणि कामाला तारीख होती. आपल्या किती परिषदांत या तीन गोष्टी असतात? आपल्याकडे आभारप्रदर्शनाला वेळ असतो, प्रश्नोत्तरांना नसतो. ‘वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत’ हे वाक्य मी इतक्या सभागृहांत ऐकलंय की निमंत्रणपत्रिकेवरच छापून टाकावं.

आता पैसेवाल्या परिषदांबद्दल थोडं, फार नाही. एका मोठ्या शहरात, मोठ्या हॉटेलात भरलेल्या अशा परिषदेला मी गेलेली आहे. पिशवी मिळाली, डायरी मिळाली. बाहेरच्या दालनात डिजिटल फळे, गणवेशाचं कापड, फी वसुलीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचे स्टॉल. आत एकामागून एक सादरीकरणं, सगळी यशाची. संध्याकाळी पुरस्कार, आणि नोंदणी शुल्क जितकं जास्त तितका पुरस्कार मोठा असं एकंदर दिसत होतं. तरीही मी त्याला सरसकट निरुपयोगी म्हणणार नाही. एका मुख्याध्यापिकेनं सांगितलेली शिक्षकांची वेळापत्रकं बदलण्याची पद्धत मी तिथून घेतली. पण ती स्टेजवर नव्हती बोलत; जेवणाच्या रांगेत माझ्या पुढं उभी होती.

संघटनांची अधिवेशनं वेगळी. तिथं पेन्शन, बदल्या, अशैक्षणिक कामं हे विषय असतात आणि असायलाच हवेत. शिक्षकानं आपल्या हक्कासाठी एकत्र यायचं नाही तर कुणी यायचं? फक्त त्याला शैक्षणिक संमेलन म्हणू नये, आणि शैक्षणिक संमेलनात त्याची भेसळ करू नये. दोन्हीचा कस जातो.

आपल्या राज्यात गेल्या दशकात शिकण्यासाठी जी सगळ्यात मोठी ये-जा झाली ती मात्र कुठल्या सभागृहात झाली नाही. साताऱ्याजवळ कुमठे नावाचं बीट आहे. चाळीसेक शाळा. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांचे शिक्षक काही वर्षं एकत्र काम करत होते, ज्ञानरचनावादाच्या, म्हणजे मुलानं स्वतः करून शिकण्याच्या, पद्धतीनं, आणि मुलं खरंच शिकत होती. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, त्याच्या आगेमागे राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याकडे निघाल्या. आपल्या भागातूनही गेल्या. पहाटे निघायचं, दिवसभर वर्ग बघायचे, रात्री परत. कुणी टीए बिल मागितलं नाही. मी त्या काळात शिक्षकांमध्ये जो उत्साह पाहिला तो आधी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

परत आल्यावर काय झालं? फरश्या रंगल्या. जमिनीवर अंकांच्या चौकटी, अक्षरांचे गोल, भिंतीवर फळं-फुलं. ऑइलपेंटचा वास महिनाभर. मग तपासणीला येणारे फरशी बघायला लागले. फरशी रंगवलेली शाळा प्रगत, न रंगवलेली मागं. कुमठ्यात रंगाच्या मागं जे होतं, म्हणजे चाळीस शाळांच्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं एकत्र बसणं, ते एका दिवसात डोळ्यांना दिसत नाही आणि गाडीत घालून आणता येत नाही. यात जाणाऱ्यांचा दोष मी मानत नाही. एक दिवस बघून माणूस जे बघता येतं तेच आणणार. दोष हा की परत आल्यावर, ‘तुम्ही काय पाहिलं, आपल्या वाडीत त्यातलं काय चालेल, काय चालणार नाही’ हे बोलायला कुणी बसवलं नाही. ती जागा होती शिक्षण परिषदेची. तिथं तेव्हा प्रगत शाळांची संख्या गोळा होत होती.

असं एकत्र बसण्याला संशोधनाचाही आधार आहे. न्यूझीलंडच्या विव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वेगवेगळ्या अभ्यासांची एकत्र छाननी केली. मुख्याध्यापक जे जे करतो, ध्येय ठरवणं, साधनं मिळवणं, वर्ग बघणं, शिस्त राखणं, त्यातल्या कशाचा मुलांच्या शिकण्यावर जास्त परिणाम होतो? सगळ्यात वर आलं ते शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सहभागी होणं. शिक्षकाला प्रशिक्षणाला पाठवून आपण कार्यालयात बसणं नव्हे, शेजारी बसणं. आमच्या वाड्यांवर याची एक गंमत आहे. दोन शिक्षकांच्या शाळेत मुख्याध्यापकाला शेजारी बसण्यावाचून गत्यंतरच नाही. मोठ्या शाळांना जे मुद्दाम शिकावं लागतं ते इथं परिस्थितीनं आयतं दिलेलं आहे. पण परिषदेला मात्र आपण दोघांपैकी एकाला बोलावतो आणि दुसऱ्याला पाच इयत्तांसह मागं ठेवतो.

मावशींचा टोमणा इथं लागू होतो. दोन शिक्षकांपैकी एक गेला की त्या दिवशी शाळा अर्धी. एकशिक्षकी असेल तर कुलूप, किंवा शेजारच्या वाडीतून कुणाला तरी पाठवायचं, म्हणजे तिथली शाळा अर्धी. परिषदेचा खर्च चहा-नाश्त्याचा नसतो, तो हा असतो. वाडीतलं मूल महिन्यातून एक दिवस देतं. त्या दिवसाच्या बदल्यात जर आम्ही आधारचे आकडे जुळवून येत असू तर वाडीनं आम्हाला जाब विचारला पाहिजे. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणतं, शिक्षकांनी आणि शाळाप्रमुखांनी वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. महिन्याला तीन तास धरा, सुट्ट्यांचे महिने सोडून दहा परिषदा. तीस तास झाले. निम्म्याहून जास्त इथंच, या खोऱ्यात. दिल्लीत २०१२ पासून शालेय नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र आहे, पनवेलला आपली जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. त्यांनी साहित्य द्यावं, तज्ज्ञ द्यावा, जरूर. तास मात्र आपले आहेत.

आणि परिषदेला कोण येतं याचाही विचार व्हावा. आज आपल्या केंद्राच्या परिषदेत जिल्हा परिषदेच्या शाळा असतात. पण या वाडीतलं मूल चौथी-पाचवी झालं की जातं कुठं? बहुतेक आश्रमशाळेत. पाथरज, भालिवडी, खालापूरकडे डोलवली. ती शाळा आदिवासी विकास विभागाची, तिचं प्रकल्प कार्यालय पेणला. आपली शाळा शिक्षण विभागाची, मुख्यालय अलिबागला. अंगणवाडी तिसऱ्याच खात्याची. एकाच मुलाला सांभाळणारी ही तीन माणसं सहसा एका चटईवर बसत नाहीत. अंगणवाडी सेविकेला ठाऊक असतं कुठल्या घरात काय चाललंय. वाडीच्या गुरुजींना ठाऊक असतं की हा मुलगा बोलत नाही पण हिशेब तोंडी करतो. आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांकडे पोचतो तो फक्त शाळा सोडल्याचा दाखला. पहिल्या महिन्यात पळून घरी आलेली मुलं या वाडीनं पाहिलेली आहेत. तेव्हा तालुक्याच्या दोन टोकांना बसलेले दोन मुख्याध्यापक एकमेकांना ओळखत असते तर एक फोन झाला असता.

परिषदेत घ्यायला हवा असा दुसरा विषय जास्त गंभीर. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. वाडीतली काही मुलं आश्रमशाळेत निवासी होती म्हणून त्या रात्री घरी नव्हती. ती मुलं दुसऱ्या दिवशी ज्यांच्यासमोर उभी होती ते कुणीतरी मुख्याध्यापक होते, अधीक्षक होते. त्यांनी काय सांगितलं, कसं सांगितलं, पुढचे महिने वर्गात त्या मुलांशी कसं वागले, हे त्यांच्याकडून आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलंय? इथल्या कितीतरी शाळा डोंगराच्या कुशीत आहेत. पाऊस तीन दिवस थांबला नाही तर शाळा बंद करायचा निर्णय कुणी घ्यायचा, मुलांना कुठल्या वाटेनं न्यायचं, रात्री वाडीला शाळेची खोली उघडून द्यायची तर किल्ली कुणाकडे, या प्रश्नांवर या भागातल्या मुख्याध्यापकांनी दर मे-जूनमध्ये एक पूर्ण परिषद घ्यावी असं मला वाटतं. त्याला बाहेरचा वक्ता नको. सगळे जाणकार याच दोन तालुक्यांत आहेत.

आता या दोन तालुक्यांबाहेर बघू. शासनानं २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं समूह शाळेत एकत्रीकरण करायची चर्चा सुरू केली. तेव्हा राज्यात अशा १४ हजारांहून जास्त शाळा असल्याचं समोर आलं. म्हणजे आपल्या शाळा अपवाद नाहीत. असे हजारो प्रभारी मुख्याध्यापक आहेत, आणि त्यांच्या तऱ्हेच्या शाळेवर बोलणारी परिषद मी अजून राज्यात कुठं पाहिली नाही. बोलावलं जातं ते मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकाला, मोठ्या शाळेची गोष्ट सांगायला. लहान शाळा चालू ठेवायच्या की एकत्र करायच्या या वादात लहान शाळा चालवणाऱ्यांचं म्हणणं एकत्रपणे कुठं मांडलेलं सापडत नाही, त्याचं एक कारण हेही आहे. ही माणसं कधी एकत्र बसलीच नाहीत.

माझ्या मनात आहे ते फार मोठं नाही. परिषदेच्या तीन तासांतले पहिले दोन तास कुणीही सूचना द्यायची नाही. द्यायच्याच असतील तर कागदावर छापून जेवणाआधी हातात ठेवायच्या. दर वेळी एका मुख्याध्यापकानं आपल्या शाळेतली न सुटलेली एक अडचण मांडायची, सुटलेली नको, आणि बाकीच्यांनी आधी फक्त प्रश्न विचारायचे. नमुना पाठ मुलांवर घ्यायचा, शिक्षकांवर नाही, आणि पाठ चालू असताना आपण मुलांकडे बघायचं. जपानमध्ये शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या असं करतात. एकानं शिकवायचं, बाकीच्यांनी मुलं काय करतायत ते टिपायचं, मग बसून बोलायचं. गुलाबाची फुलं बंद करा असं मी म्हणणार नाही, त्यावर माझ्याशी भांडण होईल.

आणि पुढच्या परिषदेला आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांना आणि अंगणवाडीच्या ताईंना बोलवा. मी चौकशी केली तेव्हा मला सांगण्यात आलं की त्यासाठी तीन कार्यालयांना पत्रं द्यावी लागतील. तिन्ही पत्रं मी लिहून आणली आहेत, पिशवीत आहेत. निवृत्त माणसाची सही चालत नाही. तेव्हा इथले जे विद्यमान प्रभारी मुख्याध्यापक असतील त्यांनी चहा घेण्याआधी मला भेटावं, आणि शिक्का सोबत आणला असेल तर उत्तमच.